शेवटच्या बॉलला बॅटिंगला कोण होता? रग्बी आणि क्रिकेट खेळलेला ब्रायन मॅकेक्नी

कृष्णाकाठ

मागच्या रविवारी इथं सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या पोरांची टेनिस बॉलची मॅच होती. अंपायर मी. शेवटच्या बॉलला सहा पाहिजे होते. बॉलिंगला असलेलं पोरगं दोन पावलं आलं, खाली वाकलं आणि बॉल जमिनीवरनं सरपटी सोडला. बॅट्समन बघतच राहिला. मग व्हायचं तेच झालं. स्टंप उपटले गेले, एकाच्या शर्टाचं बटण तुटलं, आणि बॉलर एकच धरून बसलेला, "नियमात कुठं लिहिलंय दाखवा की."

मी सगळ्यांना कट्ट्यावर बसवलं आणि १ फेब्रुवारी १९८१ ची मेलबर्नची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रेलियाचा ग्रेग चॅपेल कॅप्टन, धाकटा भाऊ ट्रेव्हर बॉलर, न्यूझीलंडला बरोबरीसाठी सहा हव्यात, आणि ग्रेगनं भावाला सरपटी टाकायला लावला. पोरं गप्प होऊन ऐकत होती. तेवढ्यात एका बारक्यानं विचारलं, "काका, पण बॅटिंगला कोण होता?"

मला नाव सांगता आलं नाही. किती वर्षं हा किस्सा सांगतोय मी. ज्यांनी केलं त्यांची नावं तोंडपाठ, आणि ज्याच्याबाबतीत केलं त्याचं नाव कधी विचारावंसंही वाटलं नाही. मनाला लागलं ते. आठवडाभर जमेल तसं वाचत होतो, म्हणून हा धागा.

त्याचं नाव ब्रायन मॅकेक्नी. जन्म १९५३, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाला, साउथलंड प्रांतातल्या गोर गावात. माणसापेक्षा मेंढरांचा मुलूख. आणि हा गडी रग्बीत 'ऑल ब्लॅक' होता! न्यूझीलंडमध्ये रग्बीच्या देशाच्या संघाला ऑल ब्लॅक्स म्हणतात, काळ्या जर्सीवरून. ती जर्सी मिळणं म्हणजे आपल्याकडं महाराष्ट्र केसरीची गदा खांद्यावर येण्यासारखं, घरादाराचं नाव होतं. क्रिकेट आणि रग्बी दोन्हीत देशाकडून खेळलेल्याला तिकडं 'डबल ऑल ब्लॅक' म्हणतात. आजवर असे सातच जण मोजले जातात.

क्रिकेटमध्ये तो मिडियम पेस टाकायचा आणि खाली येऊन बॅट फिरवायचा. कसोटी एकही खेळला नाही. वनडे १४ खेळला, त्यात १९७५ आणि १९७९ चे दोन्ही वर्ल्ड कप आले. आकडे बघून कुणी थांबणार नाही. पण त्याच्या आयुष्यातले दोन दिवस शेजारी ठेवले की मला झोप लागेना.

पहिला दिवस ११ नोव्हेंबर १९७८. कार्डिफ, वेल्सविरुद्ध रग्बीची टेस्ट, म्हणजे दोन देशांमधला सामना. मॅकेक्नी सुरुवातीला मैदानात नव्हताच. फुलबॅक, म्हणजे सगळ्यात मागं उभा राहणारा गडी, क्लाइव्ह करीचा जबडा मोडला म्हणून हा बदली आत आला. न्यूझीलंड मागं होतं. सामना संपायला काही मिनिटं उरलेली, वेल्स १२, न्यूझीलंड १०. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही संघांचे उंच गडी समोरासमोर रांगा करून उभे राहतात आणि मधे बॉल फेकला जातो, त्याला लाइनआउट म्हणतात. तो लाइनआउट झाला आणि न्यूझीलंडचा धिप्पाड अँडी हेडन कुणी जोरात ढकलल्यासारखा रांगेतून बाहेर पडला. ढकललं कुणीच नव्हतं. रेफ्रीची शिट्टी वाजली, पेनल्टी न्यूझीलंडला.

मारायला कोण? मॅकेक्नी. सगळं स्टेडियम त्याच्या विरोधात ओरडतंय, त्यानं बॉल जमिनीवर उभा केला, मागं गेला, धावत आला आणि दोन खांबांच्या मधून काढला. १३-१२. त्यातले नऊ पॉइंट त्या एका बदली गड्याच्या पायातून आलेले. त्या दौऱ्यात ऑल ब्लॅक्सनी आयर्लंड, वेल्स, इंग्लंड, स्कॉटलंड चौघांनाही हरवलं. त्यांच्या इतिहासात हे पहिल्यांदा झालं. वेल्समधली म्हातारी माणसं अजून म्हणतात, आम्हाला फसवून हरवलं.

दुसरा दिवस तो मेलबर्नचा. ऑस्ट्रेलिया २३५. शेवटच्या ओव्हरला न्यूझीलंडला १५ हव्यात, ट्रेव्हर चॅपेल बॉलिंगला. पहिल्या बॉलला हॅडलीनं चौकार मारला, दुसऱ्यावर पायचीत. इयान स्मिथनं दोन आणि दोन काढल्या, पाचव्यावर त्याचा त्रिफळा उडाला. एक बॉल शिल्लक, विजयाला सात, बरोबरीला सहा. पलीकडं ब्रूस एडगर १०२ वर नाबाद उभा, त्याच्या हातात काहीच नाही. आत आला मॅकेक्नी. मेलबर्नच्या त्या अफाट मैदानावर, नुकत्याच आलेल्या खालच्या फळीच्या माणसानं पहिल्याच बॉलला सिक्स मारायचा, हे जवळजवळ अशक्यच. तरी ग्रेगनं तेवढीही वाट ठेवली नाही. विकेटकीपर रॉडनी मार्श मागून मान हलवून नको म्हणत होता. बॉल घरंगळत आला. मॅकेक्नीनं तो बॅटनं अडवला आणि बॅट हवेत भिरकावून दिली.

म्हणजे बघा, जगभर ज्या दोन दिवसांवरून 'नियमात बसतं का आणि बरोबर आहे का' असं भांडण अजून चालतं, त्या दोन्ही दिवशी शेवटचा बॉल याच्याच वाट्याला आला. कार्डिफला फायदा याला झाला, मेलबर्नला याचं हिरावलं. त्याला फक्त 'सरपटीवाला बॅट्समन' म्हणून ठेवणं मला पटत नाही. आणि पोरांना पुढच्या रविवारी नीट काय सांगायचं तेही मला ठरवायचंय. तुम्ही बोला.

---

सातारी_कंदी

एका दमात वाचलं. मला रग्बीतलं ओ का ठो कळत नाही. दोन खांबांमधून बॉल मारायचा तर मग ती हाणामारी कशासाठी असते?

---

कृष्णाकाठ

@सातारी_कंदी, मला समजलं तेवढं सांगतो. प्रत्येकी पंधरा गडी, ८० मिनिटं. बॉल हातात घेऊन पळायचं, पण हातानं पास द्यायचा तो मागं किंवा बाजूला, पुढं चालत नाही. समोरच्यांनी तुम्हाला धरून पाडायचं. समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडं जाऊन बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याला तेव्हा चार पॉइंट होते, आता पाच आहेत. समोरच्यानं फाउल केला तर पेनल्टी, ती खांबांमधून मारली की तीन. कार्डिफला न्यूझीलंडचा एक ट्राय आणि मॅकेक्नीच्या तीन पेनल्टी, चार अधिक नऊ तेरा.

---

माणदेशी_गडी

मेंढरांचा मुलूख म्हणलं आणि म्हसवड-दहिवडीचा माळच डोळ्यापुढं आला. 😊

मी कबड्डी खेळलेला माणूस, कोपऱ्यात. रग्बीची पकड बघितली तर आपली ढोपर पकडच आहे. खांदा समोरच्याच्या मांडीत घालायचा आणि दोन्ही हातांनी गुडघे आवळायचे. डोकं कुठल्या बाजूला ठेवायचं तेही तसंच, चुकलं तर मान गेली. मला पटकन कळलं की हा खेळ परका नाही.

हेडनबद्दल एक बोलतो. आमच्याकडंही असले गडी असायचे. हात लागलाच नाही आणि कपाळ धरून लोळायचे. पंचानं पॉइंट दिला तर दुसऱ्या दिवशी गावात मान वर करून फिरता यायचं नाही. गुरुजी म्हणायचे, पाडलास तर पाडलास म्हण, पडलास तर पडलास म्हण. म्हणून मला मॅकेक्नीचं विचारायचंय. त्याला माहीत होतं का हेडन मुद्दाम पडला ते? माहीत असतं तर त्यानं बॉल बाहेर मारायला हवा होता, असं मला वाटतं.

---

पंचाचा_कौल

मी जिल्हा पातळीवर अंपायरिंग करतो, म्हणून थोडं वेगळं मांडतो.

कार्डिफच्या रेफ्रीचं म्हणणं आधी ऐका. रॉजर क्विटेंटननं सांगितलं होतं की हेडनच्या पडण्यावर त्यानं पेनल्टी दिलीच नाही. त्याच लाइनआउटमध्ये वेल्सच्या जेफ व्हीलनं न्यूझीलंडच्या फ्रँक ऑलिव्हरच्या खांद्याचा आधार घेऊन उडी मारली, तो फाउल होता, त्यावर दिली. हेडननं पुढं कबूल केलं की पडायचं आधीच ठरलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अशा वेळी मारणाऱ्यानं काय करायचं? शिट्टी वाजली, बॉल हातात आला, त्याचं काम मारण्याचं. माणदेशी, तुमचा मुद्दा मनाला भिडतो, पण मी मॅकेक्नीला दोष देणार नाही.

मेलबर्नला तर पंच डॉन वेझरच्या हातात काहीच नव्हतं. त्या स्पर्धेच्या नियमांत सरपटी चालत होती. इंग्लंडमधल्या वनडेत तेव्हाही बंदी होती, ऑस्ट्रेलियात राहून गेली होती. ग्रेगनं सांगितलं, पंचानं बॅट्समनला कळवलं, बॉल टाकला गेला. नियमानं बरोबर. मग नियम बदलावा लागला, आणि २००० सालापासून तर क्रिकेटच्या मूळ कायद्यातच आलं की आधी ठरवून परवानगी दिली नसेल तर अंडरआर्म, म्हणजे हात खाली ठेवून टाकलेला बॉल, नो बॉल.

कृष्णाकाठ, तुमच्या पोराला म्हणूनच सरळ सांगा, नियमात आहे. छापलेलं आहे.

---

कृष्णाकाठ

@पंचाचा_कौल, हे मला माहीत नव्हतं, मनापासून आभार. पण टेनिस बॉलच्या मॅचला कायद्याचं पुस्तक कोण बघतं. आपल्या इथं तर हाफ पिचच्या अंडरआर्म स्पर्धा भरतात, बक्षिसाला बोकड असतो. त्या पोराचं डोकं तिथून चाललं असणार. त्याला नुसता नियम दाखवला तर तो पुढच्या वेळी दुसरी फट शोधेल.

---

स्कोअरबुक

मिरजेहून. धागा फार आवडला, म्हणून त्याच मॅचची राहिलेली एक बाजू जोडतो. त्या दिवशी ग्रेग चॅपेलनं ९० केल्या. त्याची पन्नाशी झाल्यावर न्यूझीलंडच्या मार्टिन स्नेडननं पळत येऊन पुढं झेप टाकून त्याचा झेल घेतला. टीव्हीवर स्वच्छ दिसतो. पण दोन्ही पंच रन पुरी होते का ते बघायला क्रीजकडं नजर लावून होते, कुणीच झेल पाहिला नाही, आणि ग्रेग जागचा हलला नाही. त्यानंतर त्यानं आणखी तीसहून जास्त धावा केल्या. न्यूझीलंड शेवटी सहानं मागं राहिलं. त्यामुळं न्यूझीलंडच्या माणसाला त्या दिवशी दोनदा लुटल्यासारखं वाटतं, आणि मला ते पटतं.

त्यांचा कॅप्टन जेफ हॉवर्थ मैदानात धावत जाऊन पंचाशी वाद घालत होता. प्रकरण दोन्ही देशांच्या पंतप्रधानांपर्यंत गेलं. न्यूझीलंडचे मल्डून तर म्हणाले की हा भेकडपणा आहे आणि ऑस्ट्रेलियाच्या संघानं पिवळे कपडे घातलेत ते शोभतंय. इंग्रजीत भित्र्याला पिवळा म्हणतात.

दोन्ही खेळ खेळलेल्यांत मला सगळ्यात मोठा माणूस वाटतो तो एरिक टिंडिल. हाही न्यूझीलंडचा. १९३६ च्या जानेवारीत ट्विकनमला इंग्लंडविरुद्ध रग्बीची टेस्ट खेळला. क्रिकेटमध्ये विकेटकीपर, पाच कसोटी. पुढं १९५० मध्ये रग्बीच्या टेस्टला रेफ्री, आणि १९५९ मध्ये क्रिकेटच्या कसोटीला अंपायर. दोन्ही खेळ देशाकडून खेळायचे आणि दोन्हींत आंतरराष्ट्रीय न्यायनिवाडाही करायचा, असा दुसरा कुणी नाही. २०१० मध्ये गेला, ९९ वर्षांचा होऊन.

आणि एक धागा आपल्या घरापर्यंत येतो. बापू नाडकर्णींची ती सलग २१ निर्धाव षटकं, जानेवारी १९६४, मद्रास. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा. त्या वेळी समोरच्या इंग्लंड संघाचा कॅप्टन होता चष्मेवाला माइक स्मिथ. हा स्मिथ १९५६ मध्ये इंग्लंडकडून वेल्सविरुद्ध रग्बी खेळलेला. इंग्लंडकडून दोन्ही खेळ खेळलेला तो शेवटचा. आपण नाशिकच्या बापूंचं कौतुक करताना तो समोर होता हे कुणाच्या ध्यानातच नसतं.

---

कराडची_लेक

मी गेली नऊ वर्षं ऑकलंडला आहे, माहेर कराड. धागा वाचून राहवलं नाही.

इथं ईडन पार्कवर रग्बी पण होते आणि क्रिकेट पण. त्याच गवतावर. हिवाळ्यात उंच पांढरे खांब उभे राहतात, उन्हाळा आला की ते काढून ठेवतात आणि मधे पिच दिसायला लागतं. शाळांतही तसंच. आमच्या गल्लीतला शेजारचा मुलगा मे महिन्यात चिखलानं माखून घरी येतो आणि डिसेंबरात पांढरे कपडे घालून जातो. त्याला कुणी विचारतसुद्धा नाही की तुझा खेळ कोणता. ऋतू बदलला की खेळ बदलतो. मॅकेक्नी असा वाढला असणार.

दुसरं म्हणजे त्या काळी रग्बीत पैसे मिळत नव्हते. १९९५ पर्यंत रग्बी हौशी खेळ होता, देशाकडून खेळलात तरी पगार नाही. त्यामुळं कुणी तुम्हाला वर्षभर बांधून ठेवत नव्हतं. पैसे आले आणि करार आले, मग दोन्ही खेळणं संपल्यातच जमा.

त्याचं उदाहरण म्हणजे मॅकेक्नीनंतरचा, सातवा, जेफ विल्सन. हाही साउथलंडचाच, इन्व्हरकार्गिलचा. मार्च १९९३ मध्ये १९ वर्षांचा असताना हॅमिल्टनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध २८ बॉलमध्ये नाबाद ४४ करून हरत आलेली वनडे जिंकून दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ऑल ब्लॅक म्हणून पहिल्या टेस्टला स्कॉटलंडविरुद्ध तीन ट्राय. पुढं ६० टेस्ट, ४४ ट्राय. पण क्रिकेट सुटलं ते सुटलंच. रग्बी संपल्यावर २००५ मध्ये, जवळजवळ बारा वर्षांनी, तो परत न्यूझीलंडकडून क्रिकेट खेळला.

आणि त्यातली एक मॅच म्हणजे १७ फेब्रुवारी २००५, ईडन पार्क, पुरुषांची जगातली पहिली आंतरराष्ट्रीय ट्वेंटी-२०. शेवटी सामना हातातून गेलेला असताना ग्लेन मॅकग्रानं काइल मिल्सला सरपटी टाकायचं नाटक केलं आणि अंपायर बिली बाउडेननं खिशातून फुटबॉलचं लाल कार्ड काढून दाखवलं. सगळं मैदान हसलं म्हणतात. चोवीस वर्षांनी का होईना, हसता आलं. आणि त्या दिवशी न्यूझीलंडच्या संघात दुसरा डबल ऑल ब्लॅक होता, हे मला कृष्णाकाठांचा लेख वाचताना पहिल्यांदा जाणवलं.

---

माणदेशी_गडी

@कराडची_लेक, अंगावर काटा आला.

ऋतू बदलला की खेळ बदलतो, हे आपल्याकडंही होतं की. पावसाळा संपता संपता कबड्डी, दिवाळीनंतर क्रिकेट, आणि जत्रा सुरू झाल्या की कुस्तीचा फड. मी तिन्ही खेळलोय. कुणी नाव लिहून घेतलं नव्हतं आमचं.

---

विट्याची_आई

पहिल्यांदाच लिहितेय. माझी मुलगी नववीत आहे. शाळेकडून कबड्डी खेळते आणि गेल्या वर्षीपासून क्रिकेटच्या एका ॲकॅडमीत जाते. स्मृती मानधना आपल्या सांगलीची, त्यामुळं आता मुलींना क्रिकेटला घालायला कुणी नाक मुरडत नाही, हे चांगलं आहे. पण ॲकॅडमीतले सर म्हणतात, कबड्डी बंद करा, बोटं मोडतील, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला देतो. शाळेतल्या बाई म्हणतात, क्रिकेटचे नखरे सोड, तुझी चढाई चांगली आहे. पोरगी रात्री जेवत नाही. मागच्या गुरुवारी ताटावर बसून मला म्हणाली, "आई, मला दोन्ही येतं, ही चूक आहे का?" मला काय बोलावं कळेना. दोन महिन्यांची फीसुद्धा भरलेली आहे.

---

मिरज_फिजिओ

@विट्याची_आई, मुलीला आधी सांगा की चूक नाही.

आता माझ्या कामाच्या अनुभवातून. चौदा-पंधरा वर्षांची मुलं जी दुखणी घेऊन माझ्याकडं येतात, त्यातली कितीतरी एकच एक खेळ बारा महिने खेळून आलेली असतात. फास्ट बॉलिंग टाकणाऱ्या वाढत्या वयाच्या मुलांत कमरेच्या मणक्याला बारीक भेग पडणं ही नेहमीची गोष्ट आहे, कारण तोच ताण, त्याच जागी, रोज. दोन खेळांनी शरीर वेगवेगळं वापरलं जातं. कबड्डीत बोटं दुखावतात हे खरं, सरांची काळजी खोटी नाही. चढाईला जाताना बोटांना टेप लावायची सवय करा, मी शिकवीन. पण दोन्ही खेळांचा सराव एकाच दिवशी नको, आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. हे पाळलं तर निदान दहावीपर्यंत काही सोडायची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक नाव सांगते, मुलीला सांगा. नामिबियाचा रुडी व्हॅन व्ह्यूरेन. २००३ मध्ये क्रिकेटचा वर्ल्ड कप खेळला आणि त्याच वर्षी रग्बीचाही. इंग्लंडविरुद्ध ४३ धावांत ५ बळी घेतले. सचिननं नामिबियाविरुद्ध १५२ केल्या ना, त्या मॅचलाही तो बॉलिंग टाकत होता. आणि पेशानं तो डॉक्टर!

---

स्कोअरबुक

विट्याच्या ताईंसाठी आपल्या भागातलंही एक. फलटण तालुक्यातल्या सरड्याचा प्रवीण जाधव आधी पळायचा, मग तिरंदाजीकडं वळला आणि टोकियो ऑलिंपिकला गेला. आधीचा खेळ वाया गेला असं त्याला कुणी म्हणेल का?

---

सातारी_कंदी

मी तर रग्बी आपली नाही असंच समजत होतो. आज शोधता शोधता एक सापडलं. इंग्लंड-स्कॉटलंड रग्बीला जो कलकत्ता कप देतात, तो खरंच आपल्या रुपयांचा आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा बँकेतले २७० चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा कप केला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती.

---

विट्याची_आई

@मिरज_फिजिओ, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. तिनं वहीत 'व्हॅन व्ह्यूरेन' लिहून ठेवलंय, स्पेलिंग मला विचारत होती. शनिवारी मिरजेला येतो. सरांशी बोलायला तिचे वडील जाणार आहेत, मीही बरोबर जाईन.

---

कृष्णाकाठ

आज रविवार. सकाळी साडेसातला पोरं जमली. टॉसच्या आधी सगळ्यांना बसवलं आणि या वेळी गोष्ट मॅकेक्नीपासून सुरू केली. कार्डिफ पण सांगितलं. हेडन पडला तेही, रेफ्रीचं म्हणणंही, माणदेशींचा प्रश्नही. पोरांत दोन तट पडले. सरपटी टाकणारं पोरगं म्हणालं, मी असतो तर पेनल्टी मारलीच असती, शिट्टी माझी नव्हती. ज्याला सरपटी पडला होता तो म्हणाला, मीही मारली असती, पण रात्री हेडनला विचारलं असतं. पाऊण तास वाद चालला. ऊन चढलं म्हणून मॅच सहा ओव्हरची केली.

सरपटी टाकणाऱ्या पोराला आज बॉलिंग त्याच्या कॅप्टननं दिली नाही. ते मला आवडलं नाही. पुढच्या रविवारी मी मधे पडून त्याला शेवटची ओव्हर द्यायला सांगणार आहे.